पंपाच्या खोलीत भरलेली गाणी

ये गं बाय, जवळ ये. कानातली ती बोंडं काढ आधी. परवा फोनवर काय म्हणालीस? ‘मोठी आजी, आईकडची एक फाइल ओपनच होत नाही, डिलीट करून टाकते.’ असं करतात होय? किल्ली सापडली नाही म्हणून कुणी कपाट विहिरीत टाकतं का? शिकलेली पोर तू, आणि एवढा उतावळेपणा! बस जरा. तू वसईला येत नाहीस, म्हणून मला हे लिहून सांगायला लागतंय. समोर असतीस तर चहा होईपर्यंत सांगून झालं असतं.

तर तुझी आजी, म्हणजे माझी धाकटी जाऊ. मी तिला धाकटी म्हणते, ती मला बाय म्हणते. आज ती ज्या आवाजात बोलते, तो घोगरा आवाज तिचा मूळचा नव्हे. तू जन्मलीस तेव्हापासून हाच ऐकलास, म्हणून तुला वाटतं आजी अशीच. नाही. सांडोरला आमच्या आळीत कुणाचं लग्न ठरलं की लोक आधी फादरकडे जायचे, आणि तिथून निघाले की सरळ तिच्याकडे. मांडव घालताना एक गाणं, विहिरीवरून पाणी आणताना दुसरं, नवरीला न्हाऊ घालताना वेगळं, व्याह्यांना चिडवायची तर किती तरी. ती पुढची ओळ म्हणणार, आणि मागून सगळ्या बायका तीच ओळ उचलणार. ती म्हणायची, थांबायची, बायकांचं होऊ द्यायची, मग पुढे. कुठे लिहिलेलं काही नाही. सगळं तिच्या डोक्यात.

मी गाणारी नव्हे. रविवारी देवळात फादरच्या मिस्सेला गाताना माझ्या बाजूला बसलेली बाई सरकून बसते. पण यंत्राची मला भीती वाटली नाही कधी. नव्वद सालाच्या आसपास घरोघरी टेप होते, तेव्हा टेपने फीत खाल्ली की आळीतल्या बायका ती आतडी बाहेर आलेली कॅसेट पदरात घालून माझ्याकडे यायच्या. मी पेन्सिल घालून गुंडाळायची. तुटलेली असली तर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून जोडायची. कुणी शिकवलं नाही. पहिल्या दोन-तीन बिघडवल्या, मग जमायला लागलं. पुढे मुलगा जहाजावर नोकरीला लागला आणि त्याचा कॉम्प्युटर घरात राहिला. त्यावर रुमाल घालून ठेवायचा म्हणाला होता. मी रुमाल काढला.

त्यात मी एवढं शिकले, की गाण्याच्या फाइलला नावामागे एक शेपूट असतं. एक टिंब आणि पुढे तीन अक्षरं. त्या शेपटावरून कळतं की ती कुठल्या यंत्राला समजेल. एमपी३ असेल तर बहुतेक सगळ्यांना समजते, बाकीच्यांचे लाड असतात. एकाला चालते ती दुसऱ्याला चालत नाही. आणि नुसतं शेपूट बदलून काही होत नाही. भेंडीच्या टोपलीवर ‘वांगी’ लिहिलं म्हणून आतली भेंडी वांगी होत नाहीत. हे मला चार-पाच वेळा फसल्यावर कळलं.

तेव्हा गळ्यात अडकवायचे ते छोटे प्लेअर निघाले होते. काडेपेटीएवढा डबा, त्याला दोरी, आणि बोटाच्या पेराएवढा पडदा. स्टेशनच्या बाजारात आमच्या ह्यांनी एक घेऊन दिला. त्यावर कंपनीचं नाव म्हणून जे छापलं होतं ते पंधरवड्यात पुसलं गेलं. वाडीत तोंडली काढताना मी भक्तिगीतं ऐकायची. आणि त्यात रेकॉर्डिंगसुद्धा होतं.

तुझ्या आईचं लग्न ईस्टरनंतरचं ठरलं होतं. धाकटीचा गळा त्याआधीच महिनाभर बसलेला. आम्ही आलं-मध केलं, मिठाच्या गुळण्या केल्या. शेवटी डॉक्टरकडे गेलो. गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन लगेच करायला पाहिजे, आणि आवाज पहिल्यासारखा राहील असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. धाकटीने एकच विचारलं, “मुलीच्या लग्नानंतर केलं तर?” डॉक्टर नाही म्हणाले. परत येताना रिक्षात तिने माझ्या गळ्यातली प्लेअरची डबी उचलून बघितली. मग म्हणाली, “बाय, तुझ्या त्या डबीत माझी गाणी भर. माझ्या मुलीला परक्या बाईने गाणं म्हणून न्हाऊ घालायची नाही.”

आता अडचण अशी, की राखेचा बुधवार होऊन गेला होता. उपवासाचे दिवस. या दिवसांत आमच्यात लग्न नाही, मांडव नाही, लग्नाचं गाणं तर तोंडातूनच काढायचं नाही. अंगणात गायली असती तर चार घरांतून माणसं धावत आली असती. म्हणून आम्ही दोघी वाडीतल्या पंपाच्या खोलीत गेलो. पंप बंद केला, दार लावून घेतलं. धाकटी उलट्या टोपलीवर बसली, कपाळ-छाती-खांदे करून क्रूस काढला आणि म्हणाली, “देवा, तू बघतोस ना, माझा इलाज नाही.” आणि गायला लागली.

पहिल्या ओळीनंतर ती थांबली, तेव्हा सवयीने मी मागची ओळ उचलली. तिने माझ्या मांडीवर चापट मारली.

“तू गप्प बस गो! तुझा आवाज माझ्या मुलीच्या लग्नात स्पीकरवर वाजवायचा काय?”

“मग मागून कोण म्हणणार?”

“बायका म्हणतील. मी जागा सोडते त्यांच्यासाठी.”

म्हणून मी तोंड मिटून डबी धरून बसले. ती ओळ म्हणायची आणि थांबायची, मनातल्या मनात बायकांची ओळ म्हणायची, मान डोलवायची, आणि पुढची ओळ घ्यायची. त्या थांबण्यात पाइपातून ठिबकणारं पाणी ऐकू यायचं. गळा दुखायला लागला की कोमट पाणी प्यायची. तीन दुपारी आम्ही असं केलं. रोज निघताना मी एका कानाला बोंड लावून सुरुवात तेवढी ऐकायची. तिचा आवाज येत होता. मला बस होतं.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण डॉक्टरांनी बोलायची बंदी घातली. तुझ्या आईची लहानपणची पाटी माळ्यावरून काढली आणि धाकटी त्यावर लिहून बोलायला लागली. भांडायचीसुद्धा पाटीवर.

आणि तेवढ्यात माझी डबी मेली.

चार्ज करायला लावली तर पडद्यावर एक फूल येऊन थांबलं. बटण दाबा, दाबून ठेवा, काही नाही. फूल हलेना. मी ती घेऊन स्टेशनला दुकानदाराकडे गेले. त्याने वरखाली करून बघितली.

“आन्टी, फॉरमॅट मारायला लागेल.”

“म्हणजे काय करणार?”

“आतलं सगळं साफ. एकदम नव्यासारखी चालेल.”

“आणि आतली गाणी?”

“दुसरी भरून देतो ना. नवीन पिक्चरची. फ्री.”

मी त्याच्या हातातून डबी ओढून घेतली. तो बिचारा चांगलंच सांगत होता, त्याला काय ठाऊक आत कुठल्या पिक्चरची गाणी आहेत ते.

घरी येऊन चष्मा लावून डबी सगळ्या बाजूंनी पाहिली. मागे एक बारीक भोक होतं. उगाच कुणी भोक पाडत नाही. साडीची पिन काढून आत हलकेच दाबली. फूल गेलं, पडदा काळा झाला, आणि पुन्हा चालू झाली! पण मिनिटभराने परत फूल. म्हणजे हिचा भरवसा नाही. लगेच कॉम्प्युटरला जोडली, पुन्हा पिन दाबली, आणि ती जिवंत असेपर्यंत एकेक फाइल ओढून घेतली. ती मरायची, मी पिन दाबायची. अशा सगळ्या आल्या.

आल्या खऱ्या, पण वाजेनात. शेपूट होतं ए-सी-टी. तुझ्या आईकडची ती न उघडणारी फाइल यातलीच, आता कळलं? माझ्या कॉम्प्युटरने असलं शेपूट कधी पाहिलं नव्हतं. कुठल्या तरी प्रोग्रॅमने उघडावी म्हणून सगळे करून पाहिले. एकाने नुसता खरखराट वाजवला, पिठाच्या गिरणीसारखा. मग सायबर कॅफेत गेले. तिथे माझ्यासारखीच डबी घेतलेल्या जगभरच्या लोकांनी रडगाणी लिहून ठेवली होती. डिक्शनरीत एकेक शब्द बघत वाचलं, तेव्हा समजलं. ही डबी आवाज स्वतःच्याच भाषेत लिहून ठेवते. तो साध्या भाषेत आणायचा प्रोग्रॅम डबीबरोबरच येतो, खोक्यातल्या छोट्या सीडीवर.

घरी येऊन खोका काढला. गॅरंटीचा कागद होता, चिनी भाषेतली पुस्तिका होती. सीडी नाही. आमचे हे ओट्यावर चहा पीत बसले होते.

“अहो, या खोक्यातली छोटी सीडी पाहिली काय?”

“ती बशीएवढी?”

“हो, तीच.”

“पेरूला आहे.”

“पेरूला आहे म्हणजे?”

“पोपट येतात ना. मोठ्या सीड्यांना आता घाबरत नाहीत, त्यावर बसून पेरू खातात. म्हटलं, नवीन चकचकीत लावू.”

सगळी वाडी पाखरं हाकायला जुन्या सीड्या टांगते, तू पाहिलंस. त्या माणसाची काय चूक? पण मी काय बोलले ते लिहीत नाही. शिडी लावली, त्यांनाच वर चढवलं. सीडी खाली आली तेव्हा तिच्यावर पोपटांनी आपलं मत देऊन ठेवलं होतं. आणि कडेला एक भोक! तापलेल्या खिळ्याने पाडलेलं.

“मधल्या भोकात दोरी घालायची ना हो!”

“मधे घातली की वाकडी लटकते. कडेला घातली की छान फिरते,” म्हणे.

मी भांड्याच्या साबणाने ती धुतली. सीडी कधी गोल गोल पुसायची नाही, मधून बाहेर सरळ पुसायची, हे लक्षात ठेव. उन्हात तिरकी धरून बघितली. सीडीवर लिहिणं मधून सुरू होतं आणि बाहेर सरकत जातं. हिच्यावर लिहिलेला भाग मधल्या अंगठीएवढाच होता, रंग जरा वेगळा दिसत होता. भोक त्याच्या बाहेर. म्हटलं, वाचलो. पण कडेला भोक असल्यामुळे ती आत फिरायला लागली आणि सगळं टेबल थरथरायला लागलं. मी दोन्ही हातांनी कॉम्प्युटर दाबून धरून उभी. हे दारातून विचारतात, “स्फोट होईल काय गो?” झाला नाही. तिने प्रोग्रॅम दिला, आणि धाकटीच्या फाइली एकेक करून साध्या भाषेत आल्या. पहिली लावली. पंपाच्या खोलीतला तिचा आवाज अख्ख्या घरात घुमला.

आवाज बारीक केला, कारण उपवास संपले नव्हते, आणि धाकटीला बोलावून आणलं. खुर्चीत बसवलं. गाणं लावलं. ती ऐकत होती. तिचा चेहरा बदलत गेला, नाक लाल झालं. मला वाटलं, आपला गेलेला आवाज ऐकून तिला भरून आलं. मी पाठीवर हात ठेवायला गेले तर तिने तो झटकला आणि पाटी ओढली. खडू मोडेल इतक्या जोरात लिहिलं: *माझ्या जागा कुठे गेल्या?*

मग मला ऐकू आलं. ओळीला लागून ओळ, ओळीला लागून ओळ. थांबणं नाहीच. जिथे ती थांबली होती, पाणी ठिबकत होतं, ते सगळं गायब. बायकांनी म्हणायचं कुठे? आणि प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर गिळलेलं.

मी डबी पुन्हा पिन टोचून जागी केली आणि तिची सगळी बटणं दाबून बघितली. रेकॉर्डिंगच्या पोटात एक सोय होती. आवाज असला तरच भरायचं, शांतता आली की थांबायचं. जागा वाचवायला. कारखान्यातून बाहेर पडतानाच चालू करून पाठवलेली. भरताना तांबडा ठिपका मधेच विझायचा आणि पुन्हा लागायचा ते मी पाहिलं होतं. मला वाटायचं डोळा मिचकावते. तिला बिचारीला थांबणं म्हणजे रिकामं वाटलं. आणि ओळ सुरू झाली की जागी होईपर्यंत पहिलं अक्षर निघून जायचं.

हे सगळं मी धाकटीला सांगितलं. तिने पाटी पुसली आणि लिहिलं: *लावू नको. बँड लाव.* आणि निघून गेली.

बँड तर असणारच होता. पण न्हाऊ घालताना बँड काय वाजवणार, सिनेमाची गाणी? मला ते पटेना. मी सायबर कॅफेतून एक प्रोग्रॅम आणला, त्यात आवाज नागमोडी रेघेसारखा दिसतो. रेघ जिथे पुन्हा सुरू होते तिथे चिरायचं आणि मधे शांतता घालायची. मी प्रत्येक ओळीनंतर मोजून सारखी शांतता घातली. वाफ्यात रोपं लावतात तशी.

ईस्टर झाला. दुसऱ्याच दिवशी मी आळीतल्या तीन बायका गोळा केल्या, धाकटीला ओढून आणलं, आणि व्याह्यांना चिडवायचं गाणं लावलं. फजिती झाली. म्हाताऱ्या बायका ओळ लांबवतात, मधे कोपरखळ्या मारतात, नवऱ्याच्या काकाचं पोट निघालं की हसत बसतात. यंत्र थोडंच थांबतं! त्यांची ओळ संपायच्या आत पुढची येऊन अंगावर पडायची.

“अगो, ही श्वास घेऊ देत नाय!” एक म्हणाली.

“आधी कधी अशी घाई केली नाय. ऑपरेशनात काय काढलं हिचं?” दुसरी म्हणाली.

“आणि शब्द अर्धेच कशाला म्हणते? दात काढले काय?”

हसून हसून पुरेवाट. धाकटीही हसली, पण ते हसू मला बघवेना. मी पुढे होऊन बंद करणार, तेवढ्यात तिने माझ्याकडे बघून पंजा उभा केला. मी पॉजचं बटण दाबलं. यंत्र थांबलं. बायकांनी आपली ओळ सावकाश पुरी केली, हसून घेतलं, दम घेतला. मग धाकटीने बोट वर केलं. मी बटण दाबलं. पुढची ओळ आली. पंजा. थांबले. बोट. सोडली. असं अख्खं गाणं झालं. एकदाही कुणी कुणावर आदळलं नाही.

तरी पहिलं अक्षर राहिलंच होतं. बायका ओळ पकडायला चाचपडत होत्या. तेव्हा धाकटीला थोडं बोलायची परवानगी मिळाली होती, पण ती कुणासमोर तोंड उघडत नव्हती. आपला तो नवा आवाज तिला बाहेर काढायची लाज वाटायची. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बोट वर करताना तिने ते हरवलेलं अक्षर स्वतः म्हटलं. फाटक्या कापडासारखा आवाज आला. आणि त्याच्या पाठोपाठ स्पीकरमधून तिचाच जुना आवाज. बायकांनी एकमेकींकडे बघितलं, आणि ओळ उचलली. पाटी त्या दिवशी ती माझ्याकडे विसरून गेली ती विसरलीच.

मी घातलेली शांतता सगळी काढून टाकली आणि गाणी सीडीवर भरली. मांडवाच्या दिवशी साउंडवाला मला त्याच्या यंत्राजवळ येऊ देईना.

“मावशी, तुम्ही आराम करा. मी दाबतो ना बटण.”

“दाबशील रे, पण कधी दाबशील?”

“तुम्ही सांगा, तेव्हा.”

“मला कुठे ठाऊक? ती सांगेल तेव्हा,” म्हणून मी धाकटीकडे बोट दाखवलं, आणि त्याच्याच खुर्चीत बसले.

तुझी आई पाटावर बसली. डोक्यावर पाणी पडायला लागलं. धाकटी हातात तांब्या घेऊन उभी, दुसरा हात माझ्यासाठी मोकळा. बोट, अक्षर, ओळ, पंजा. मी तिच्या हाताशिवाय काही बघत नव्हते, म्हणून न्हाणं कसं झालं ते मला विचारू नकोस. एवढं आठवतं, की एका ओळीला तिचा पंजा खाली यायलाच तयार नव्हता. बायका तीच ओळ दोनदा म्हणाल्या, तिसऱ्यांदा म्हणाल्या. मी बटणावर बोट ठेवून बसलेली. मग तिने तांब्या रिकामा केला, मुलीच्या डोळ्यांवरचं पाणी पुसलं, आणि बोट वर केलं. नवऱ्याकडच्या एका बाईने मला विचारलं, “गाणारी बाई कुठे बसली?” मी म्हटलं, “ती काय, तांब्या घेऊन उभी आहे.” तिचा विश्वास बसला नाही.

आता तुझी आजी थोडं थोडं गुणगुणते, पण पुढची ओळ धरून ठेवायला तिचा गळा पुरत नाही. अक्षर देते, पुढचं कुणीतरी घ्यावं म्हणून बघते. मी घेतली तर कान झाकते. परवा तुझी आई सांगत होती की तू कॉलेजात गातेस. मी हे धाकटीला सांगितलं, तेव्हापासून ती रोज विचारते, “पोर येणार काय?” मी काय सांगू? ये ना बाय. उपवासाच्या दिवसांच्या आत ये, म्हणजे अंगणात बसून म्हणता येईल, पंपाच्या खोलीत जायला नको. एखादा रविवार काढ. पेरूही तयार आहेत, पोपटांनी खायच्या आत ये.